दुसऱ्याचं दुकान

त्या वर्गात आम्हाला कुणालाच नाव नव्हतं. मी मुरार होते, कारण माझं दुकान मुरार मोहल्ल्यात. शाळेच्या बॅगा शिवणारा होता तो बिर्लानगर. मसालेवाला हजीरा, लोणचंवाल्या काकू किलागेट. सर वर्षभर आम्हाला अशाच हाका मारत राहिले.

"नाव सांगितलं की माणूस हातात सापडतो," ते म्हणायचे. "मोहल्ल्यात शोधत बसू दे त्यांना."

'त्यांना' म्हणजे कंपनीला. एक मोठी रंग बनवणारी कंपनी आहे. तिच्या फाउंडेशनने ग्वाल्हेरमधल्या छोट्या धंदेवाल्यांसाठी व्यवस्थापनाचा वर्ग चालवला होता, फुकट. हरिशंकरपुरममधल्या एका शाळेचा हॉल, दर रविवारी सकाळी, वर समोसा आणि चहा. शिकवायला त्यांनी सरांना नेमलं होतं. कंपनीच्या पैशाने शिकवायचं आणि शिकवताना कंपनीवर डोळा ठेवायचा, हा सरांचा कारभार. पगार मात्र घ्यायचे. मी एकदा विचारलंच, तर म्हणाले, "पगार नाही घेतला तर ते मला प्रामाणिक समजतील. मग आणखी जवळ येतील."

मी शिंपीण आहे. माणूस बघितला की मी आधी त्याचे कपडे बघते. सर बारा महिने एक राखाडी जाकीट घालायचे आणि त्याचे बाहेरचे दोन्ही खिसे शिवून बंद केलेले होते. धावदोरा नव्हे, पक्की बखिया. आतल्या बाजूला एक चोरखिसा लावलेला, तोही कुणीतरी घाईत लावलेला, तिरका. मी म्हटलं, सर, द्या, नीट करून देते. ते एक पाऊल मागे सरले. "तुला कसं कळलं आत खिसा आहे?"

हॉलच्या भिंतीवर फाउंडेशनचा मोठा फलक होता. त्यावर लॅपटॉप धरून हसणारी एक बाई. वर्ग सुरू करायच्या आधी सर लोखंडी कपाटाचं दार उघडायचे आणि असं उघडायचे की ती बाई बरोबर दाराआड जायची. "ही आपल्यापैकी आहे का? नाही ना. मग आपल्या धंद्याचं हिला एवढं हसू का येतंय?" समोसे मात्र ते आमच्यापेक्षा जास्त खायचे. खाऊन टाकलं की पुरावा राहत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

वर्ग हिंदीत चालायचा, पण आम्हा दोघांचं आपसात मराठी. सरांचे पूर्वज दख्खनहून दरबाराचे कारकून म्हणून आले, आमचे फौजेत शिपाई म्हणून. पहिल्याच दिवशी हे निघालं. "म्हणजे तुमचे लोक तलवार घेऊन आले आणि आमचे दौत घेऊन," सर म्हणाले.

"हो, आणि आता तुम्ही पगारी आहात आणि मी मालकीण," मी म्हटलं.

त्यांना ते आवडलं असावं. आमच्या घरात फौजेतून निघाल्यावर वर्द्या शिवणं आलं. वडील छावणीच्या वर्द्या शिवायचे, मी शाळांचे युनिफॉर्म शिवते. आमच्यात कॉलेज पाहिलेली मी पहिली. बी.कॉम.चं प्रमाणपत्र मशीनच्या वर देवांच्या फोटोशेजारी लावलंय. देवांपेक्षा जरा वर लावलंयस, असं आई म्हणते. मी ते खाली घेतलेलं नाही. सरांना सांगितलं तर म्हणाले, "बी.कॉम.? म्हणजे तुझा निम्मा वेळ विसरण्यात जाईल." मी म्हटलं, "सर, ते मिळवायला वडिलांनी किती वर्द्या शिवल्या ते मला माहीत आहे. मी त्यातलं काहीही विसरणार नाही." पुढे ते माझ्या पदवीवर कधी बोलले नाहीत.

कंपनीबद्दलच्या खबरी ते मला मराठीत सांगायचे, वर्ग सुटल्यावर, कोपऱ्यात, आवाज उतरवून. फाउंडेशनची एक कोऑर्डिनेटर मॅडम होती, तरुण, हसतमुख, सारखी मोबाइलवर व्हिडिओ काढणारी. तिच्यासमोरच सर मला म्हणत, "ही बघ, पुन्हा तुझ्या हातांचा फोटो काढला. चेहऱ्याचा नाही. हातांचा. का?" असं बरेच रविवार चाललं. एक दिवस मॅडम शांतपणे म्हणाली, "सर, मी इंदूरची आहे. मला मराठी येतं. हात काढते कारण ताईंनी चेहरा काढू नका म्हटलंय."

माझं हसू आवरेना. सर मात्र पुढचा अख्खा रविवार माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतरच्या रविवारी येऊन म्हणाले, "विचार कर, मुरार. ह्यांना ग्वाल्हेरला पाठवायला नेमकी मराठी येणारी मुलगीच का सापडली?"

मॅडमने सगळ्यांसमोर एकदा उलगडून सांगितलं होतं. कायदाच आहे, मोठ्या कंपन्यांना नफ्यातला ठरावीक भाग समाजाच्या कामासाठी खर्च करावा लागतो, म्हणून हा वर्ग. सर मागच्या बाकावर बसून ऐकत होते. ती गेल्यावर फळ्याजवळ आले. "कायद्याने द्यायचंय ना? मी पण घरपट्टी कायद्यानेच देतो. देताना मी कधी असा हसलोय?"

हे बोलायला सोपं आहे आणि आम्ही हसायचो. पण मनात काहीतरी राहायचं. मी घरी जाताना टेंपोत बसून विचार करायचे, रंगाच्या कंपनीला माझ्या शिलाईचं काय? आणि मग असंही वाटायचं, ह्या माणसाला एवढा संशय आहे तर हा इथे काय करतोय? खरं सांगायचं तर मला कंपनीपेक्षा जास्त संशय सरांचाच येऊ लागला होता.

आता त्यांची ती अदलाबदल. फाउंडेशनच्या पुस्तकात पहिला धडा होता, स्वतःचा धंदा दहा वाक्यांत सांगा. सरांनी तो धडा उलटवला. ते म्हणाले, इथे कुणीही स्वतःचं दुकान सांगायचं नाही. दुसऱ्याचं सांगायचं, आणि 'मी' म्हणून सांगायचं. ज्याचं दुकान आहे त्याने गप्प बसून ऐकायचं. त्यांनी जोड्या लावल्या. हजीराने किलागेट व्हायचं, किलागेटने हजीरा. मी बिर्लानगर, आणि बिर्लानगर मुरार.

बाहेरून बघणाऱ्याला ही शिकवण्याची पद्धत वाटे, आणि मॅडमला तर फारच आवडली. खरं कारण सरांनी मला एकटीला सांगितलं, इंदूरची मुलगी आसपास नाही ना हे बघून. "हिने रेकॉर्ड केलं, वर पाठवलं, वर कुणी ऐकलं, तरी काय हाती लागणार? मसालेवाला म्हणतोय मी लोणचं घालतो, लोणचंवाली म्हणते मी हळद दळते. सगळा गोंधळ. त्यांना कळणार नाही कुणाचं काय."

नीट सांगता यायचं तर दुसऱ्याच्या दुकानात जाऊन बसावं लागे. मी बिर्लानगरला गेले. जुन्या गिरणीच्या वस्तीत बाप-लेकाचं एक खोलीचं दुकान, कापलेल्या रेक्झिनचा वास. बॅगवाला माझ्यापेक्षा लहान, तिशीच्या आतला, बोलायला गोड. मी बघितलं की तो वर्षभर कुणाचीही चेन फुकट बदलून देतो, आपल्याकडची बॅग नसली तरी. आधी मला हे मूर्खपणाचं वाटलं. रविवारी उभी राहून "मैं बिर्लानगर हूँ, मैं चेन मुफ्त में बदलता हूँ" असं म्हणाले, आणि म्हणतानाच माझ्या लक्षात आलं की चेन बदलायला येणारी आईच जूनमध्ये नवी बॅग घ्यायला येते. दुसऱ्याच्या तोंडाने बोललं की असं काहीतरी कळतं. इथे मी सरांना पूर्ण गुण देईन. फाउंडेशनच्या पुस्तकातून मला तेवढं कधी कळलं नसतं.

तोही माझ्याकडे येऊन बसला, दसऱ्याच्या आसपास, रोज. माझ्या शिवणाऱ्या बायका त्याला चहा द्यायच्या, त्याची थट्टा करायच्या. "भैया, सुई में धागा डालना आता है, कि बस चाय पीना?" तो हसायचा आणि बघायचा. मी बाहीच्या आणि घेराच्या दुमडीत जास्तीचं कापड का सोडते हे त्याने विचारलं. मी सांगितलं, पोर वाढलं की आईला उसवून लांब करता येतं, ती पुढच्या वर्षी शाळेत आपलं नाव घेते. मुरारच्या त्या मोठ्या शाळेचं काम मला दरवर्षी कसं मिळतं हे विचारलं. मी तेही सांगितलं, आणि अभिमानाने सांगितलं. इतर लोक शाळेत नवाकोरा नमुना घेऊन जातात. मी नमुना शिवते, बरेच वेळा धुते, उन्हात वाळवते, आणि तो धुतलेला नमुना घेऊन जाते, संक्रांत झाली की. शाळेच्या मॅडमला रंग जाण्याची आणि आखडण्याची भीती असते. धुतलेलं हातात दिलं की त्यांना विचारायला काही उरत नाही. ही युक्ती माझी स्वतःची आहे, वडिलांचीही नाही.

रविवारी तो उभा राहिला आणि मुरार झाला. "मैं नमूना धोकर ले जाती हूँ," असं बायकी क्रियापदांत बोलला तेव्हा वर्ग हसला. पण माझं दुकान त्याने इतकं नीट सांगितलं की मला माझंच दुकान आवडलं. सर खूश. मॅडमने सगळं रेकॉर्ड केलं, आणि सर माझ्याकडे बघून किंचित हसले, की बघ, काही लागलं का त्यांच्या हाती?

संक्रांत झाली. मी धुतलेला नमुना पिशवीत घालून त्या शाळेत गेले. शाळेच्या मॅडम म्हणाल्या, "अरे, आपने देर कर दी. ऐसा ही धुला हुआ एक हमारे पास दिसंबर में आ चुका है. बैग और यूनिफॉर्म दोनों एक ही जगह से, हमें भी सुविधा है." त्यांनी तो काढून दाखवला. मी कापड उलटून बघितलं. घेरात जास्तीची दुमड होती.

ती शाळा म्हणजे माझं निम्मं वर्ष. तिच्यावर माझ्या बायकांची पोटं चालायची. घरी येऊन मी कुणाला काही बोलले नाही. आईने विचारलं तर म्हटलं, अजून ठरायचंय.

फेब्रुवारीत वर्गाचा समारोप झाला. कंपनीचे मोठे साहेब आले होते, फुलं, दिवा, सगळं. आणि धंदा वाढवल्याबद्दल बक्षीस जाहीर झालं ते बिर्लानगरला. बॅगांवरून युनिफॉर्मवर गेला, एका वर्षात मोठी शाळा मिळवली. मॅडमला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्यासाठी ती छान गोष्ट होती. सरांना मी आठवडाभर आधी सांगितलं होतं, फोनवर, दोन वाक्यांत. त्यांनी लगेच फोन ठेवला होता.

बक्षीस द्यायला सरांना बोलावलं. त्यांनी ट्रॉफी हातात घेतली आणि दिली नाही. माइकवर म्हणाले, "बिर्लानगर, लेने से पहले एक बार और. तुम मुरार हो. इस साल का हाल सुनाओ."

बॅगवाला माझ्याकडे बघेना. मला वाटलं, हा आता काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. पण त्याला त्या खेळाची सवय झाली होती, आणि तो त्यात आमच्या सगळ्यांपेक्षा हुशार होता. त्याने डोळे मिटले.

"मैं मुरार हूँ," तो म्हणाला. "मेरे पिताजी फौज की वर्दी सीते थे. इस साल संक्रांत के बाद मैं स्कूल गई. मैडम ने कहा, ऐसा ही एक आ चुका है. मैं बस से नहीं, पैदल लौटी. मेरी औरतें रोज पूछती हैं, दीदी, कपड़ा कब आएगा. मैं कहती हूँ, आ रहा है."

पायी परत आल्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायका काय विचारतात तेही नाही. त्याने ते मनानेच सांगितलं, आणि ते अक्षरशः तसंच होतं.

तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. साहेबांनी सुरू केल्या, मग सगळ्यांनी. साहेब मॅडमकडे वळून म्हणाले, बहुत इंटरॅक्टिव मेथड है, इसको दूसरे शहरों में भी ले जाइए. मॅडमने मान डोलावली, ती रेकॉर्ड करत होती. सरांनी ट्रॉफी बॅगवाल्याच्या हातात ठेवली आणि ते खाली उतरले. फलकावरच्या बाईसमोर कपाटाचं दार त्या दिवशी कुणी उघडलं नव्हतं. फोटोत ती सगळ्यांच्या मागे हसताना दिसते.

मी त्यांच्या घरी गेले, त्याच संध्याकाळी. ते हरिशंकरपुरममध्येच राहायचे, एकटे, दाराला आतून साखळी. साखळी न काढता फटीतून म्हणाले, "एकटी आहेस?"

"एकटीच आहे. आता कुणाला बरोबर आणू?"

त्यांनी आत घेतलं. मी बसले नाही. मी म्हटलं, "सर, जोड्या तुम्ही लावल्या होत्या. बॅगवाला आणि मी. एकाच शाळेत माल देणारे दोघे. तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"खरं सांगा."

ते बराच वेळ जाकिटाच्या शिवलेल्या खिशावरून अंगठा फिरवत राहिले. मग एका दमात बोलले. तरुणपणी ते दुसऱ्या शहरातल्या एका कारखान्यात होते, माणसं भरण्या-काढण्याच्या खात्यात. तिथेही असंच फुकट प्रशिक्षण निघालं. कामगारांनी उभं राहून आपलं काम सांगायचं, दुसऱ्या कुणाचं काम येतं तेही सांगायचं. सर शेजारी बसून कौतुक करायचे. माणसं भरभरून बोलली. सहा महिन्यांनी कुणाला काढलं तरी चालेल ह्याचा हिशोब त्यातूनच झाला. "मला कुणी काही विचारलं पण नाही," सर म्हणाले. "त्यानंतर ठरवलं, कुणाला स्वतःचं बोलू द्यायचं नाही. मी कंपनीवर नजर ठेवून होतो, मुरार. वर्गात बसलेल्यांवर नव्हतो."

"कंपनीत पण माणसंच असतात, सर. आमच्यासारखीच."

मी परत निघाले तेव्हा त्यांनी दारात विचारलं, "हे मी तुला सांगितलं ते बाहेर जाणार नाही ना?" मला राग आला, आणि कीवही. मी चालू लागले. आजही मला पक्कं सांगता येणार नाही की कारखान्याची ती गोष्ट खरी होती का त्या क्षणी रचलेली. खरी असावी. सांगताना ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते, आणि खोटं बोलणारा माणूस सहसा नजर देतो.

होळी झाल्यावर बॅगवाला दुकानात आला, कापडाचे तागे टेंपोत घालून. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. "दीदी, काम ले लिया, पर मेरे लड़कों से कॉलर नहीं बैठ रहा. सिलाई आप कर दो. जो रेट कहोगी." माझ्या बायका मशिनी थांबवून माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्यातली सगळ्यात जुनी म्हणाली, "भगा दो इसको, दीदी." आणि लगेच, जरा हळू, "वैसे कपड़ा अच्छा है."

मी रेट सांगितला, माझ्या नेहमीच्या रेटपेक्षा चढा. त्याने घासाघीस केली नाही. कॉलरच्या आत लेबल त्याचं लागणार होतं. ते मी मान्य केलं, कारण एप्रिलमध्ये बायकांच्या घरी अभिमान शिजवता येत नाही. पण त्याला मी बसायला सांगितलं नाही, आणि चहाही दिला नाही.

उन्हाळ्यात एक दिवस सर दुकानात आले. पहिल्यांदाच. उन्हात ते जाकीट घालून, बाहेर रस्त्यावर दोन्हीकडे बघून, मग आत. फाउंडेशनने ती अदलाबदल आता भोपाळ आणि जबलपूरमध्ये सुरू केली होती, आणि सरांना तिथे शिकवायला बोलावलं होतं. ते गेले नव्हते. नवे सर नेमले होते, तरुण, प्रोजेक्टरवाले. "पद्धत माझी नेली त्यांनी," ते म्हणाले, आणि त्यात तक्रार होती का समाधान होतं ते मला कळलं नाही.

टेबलावर तयार शर्टांची चळत होती. त्यांनी वरचा उचलला, कॉलर उलटवली, लेबल वाचलं.

"हे तुझं आहे?"

"शिलाई माझी. नाव त्याचं."

त्यांनी शर्ट घडी करून, अगदी घडीवर घडी ठेवून परत ठेवला. मग बायकांकडे बघून, आवाज उतरवून, मराठीत म्हणाले, "पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी मी शाळेत आधी जाणार."

"चांगलं. कधी?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्यापासून मला धोका नव्हता, हे मला माहीत होतं. म्हातारा माणूस, एकटा, मला शाळा परत मिळावी असं मनापासून वाटणारा. मी दिवाळीच्या सुट्टीआधीच जायचं ठरवलं होतं. नमुन्याचं कापड आतल्या खोलीत धुऊन वाळत पडलं होतं.

"संक्रांतीनंतर," मी म्हटलं. "नेहमीसारखी."

सर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान डोलावली, हळूच, दोनदा, आणि निघाले. बाहेर पडताना त्यांनी रस्त्यावर कुठेच बघितलं नाही.